एक्केचाळीस नंबरची गोधडी

एक्केचाळीस हा आकडा बसवर किंवा एखाद्या पावतीवर दिसला, की आर्नहेमच्या पोलीस ठाण्यातली ती दुपार अजून माझ्यासमोर उभी राहते. मुलांनो, चोर कसे पकडले ते मी तुम्हाला फोनवर सांगत असते. हे मात्र लिहूनच सांगायला हवं, कारण यात माझी चूक आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही. ती शिस्त निवृत्तीनंतरही सुटत नाही.

तुमचे आजोबा इंजिनिअर म्हणून नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला आले आणि मी त्यांच्या व्हिसावर. मी डच शिकले, पोलिसात भरती झाले आणि शेवटची वर्षं आर्नहेमला तपास विभागात काढली.

तेव्हा शहरातल्या एका संग्रहालयात एका लकोटा चित्रकर्तीचं प्रदर्शन आलं होतं. लकोटा म्हणजे अमेरिकेतल्या गवताळ मैदानांतले मूळ रहिवासी. बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं आयुष्यभराचं काम, म्हणजे चित्रं, मण्यांचं विणकाम, गोधड्या, देशोदेशी फिरत होतं. रविवारी आर्नहेमचा मुक्काम संपला. सोमवारी पेट्या भरताना लक्षात आलं की यादीतली एक्केचाळीस नंबरची वस्तू भिंतीवर नाही. आठ टोकांच्या मोठ्या ताऱ्याची गोधडी होती ती. ट्रक मंगळवारी संध्याकाळी सहाला जर्मनीकडे निघणार होता.

मंगळवारी सकाळी टीप आली. संग्रहालयासमोरच्या कॅफेतली बाई फोनवर म्हणाली, "तो उंच सुरक्षारक्षक रविवारी सायकलवर मोठं गाठोडं घेऊन गेला. पाऊस पडत होता. रेनकोट स्वतः न घालता त्याने गाठोड्यावर घातला."

मी टिपून घेतलं. माल महागाचा, म्हणून जपला असेल, एवढंच मनात आलं. कॅमेऱ्याच्या चित्रणातही तोच होता. गोधडी खाली उतरवण्याआधी त्याने बूट काढले होते. तेही पाहिलं आणि सोडून दिलं.

दहा वाजता त्याला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, सुरिनामी हिंदुस्तानी. त्याचे पणजोबा भारतातून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, उसाच्या मळ्यावर गेलेले. या देशात सुरक्षारक्षकाचं ओळखपत्र पोलिसांच्या मंजुरीनेच मिळतं. चोरीचा ठपका बसला असता तर ते जाणार होतं, आणि त्याबरोबर नोकरीही.

वकिलांशी त्याचं बोलणं झालं आणि मी आणि माझा तरुण सहकारी जबाब घ्यायला बसलो.

"गोधडी तुम्ही नेलीत?"

"नेली."

"का?"

"माझी आहे."

सहकारी हसला. "असं होय! मग शेजारचं मोठं चित्र का सोडलंत?"

"ते मला दिलेलं नाही."

"बरं. आता गोधडी कुठे आहे?"

घराची किल्ली त्याने आपणहून दिली. झडती झाली, काही सापडलं नाही. बारा वाजले. संग्रहालयाच्या व्यवस्थापक बाईंचे दर अर्ध्या तासाने फोन येत होते.

मग तो माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, "दीदी, आप तो समझोगी."

मी चिडले. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला मी सांभाळून घेते, असं सहकाऱ्यांना वाटू नये याची मला तेव्हा फार धास्ती असायची. मी डचमध्येच म्हणाले, "इथे मी कुणाची दीदी नाही. तीनपर्यंत पत्ता सांगितला नाहीत, तर तुमचं ओळखपत्र काढून घ्या म्हणून मीच लिहीन."

त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. पट्टीला पीळ पडला होता, तो बोटाने सरळ केला.

"लिहा. पण तिच्या अंगावरून ती काढायला मी कुणाला जाऊ देणार नाही."

"कुणाच्या अंगावरून?"

त्याने ओळखपत्र माझ्या बाजूला सरकवलं.

खोटं बोलणारा माणूस घासाघीस करतो. हे सांगतो, ते सोडा, असं चालतं त्याचं. या माणसाने सगळंच टेबलावर ठेवलं होतं. मी उठले आणि संग्रहालय गाठलं.

तिथल्या कँटीनच्या भिंतीवर एक फोटो होता. आमचा संशयित मधोमध उभा, खांद्यावर तीच गोधडी, शेजारी ठेंगण्या चित्रकर्ती आजी आणि भोवती टाळ्या वाजवणारे लोक.

"हे काय आहे?" मी व्यवस्थापक बाईंना विचारलं.

"फार सुंदर क्षण होता! बाई अमेरिकेला परत निघाल्या तेव्हाचा निरोपाचा कार्यक्रम. हा त्यांना रोज खुर्ची द्यायचा, चहा आणून द्यायचा. म्हणून त्यांनी त्याच्यावर गोधडी पांघरली. त्यांची रीत आहे ती. लोकांचे डोळे भरून आले."

"आणि मग?"

"मग काय, कार्यक्रम संपला. मी हातमोजे घातले, त्याच्या अंगावरून काढली आणि परत टांगली."

"तो काही बोलला नाही?"

"तो कधीच बोलत नाही. आणि बोलणार काय? एक्केचाळीस नंबर आहे ती!"

मी खुर्चीत बसले. माझे वडील शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल-श्रीफळ दिलं होतं. टाळ्या थांबल्यावर कुणी त्यांच्या खांद्यावरून शाल काढून शाळेच्या कपाटात ठेवली असती, तर? या बाईंनी अगदी तेच केलं होतं, आणि हातमोजे घालून.

यादीत मालकाच्या रकान्यात चित्रकर्तीचंच नाव होतं. साडेतीन वाजले होते, तिकडे सकाळ. फोन स्पीकरवर ठेवून मी विचारलं, "गोधडी तुम्ही त्याला दिलीत?"

"सगळ्यांसमोर दिली. तुमच्याकडे सगळ्यांसमोर दिलेलं धरत नाहीत का?"

"पण ती प्रदर्शनातली आहे," व्यवस्थापक बाई मध्येच म्हणाल्या.

"प्रदर्शन माझंच आहे ना, पोरी?" "तू काढलीस त्याच्या अंगावरून?"

व्यवस्थापक बाईंनी यादी मिटून ठेवली.

"त्याची आई शेवटच्या आजारात आहे," आजी म्हणाल्या. "तिच्यावर घाल, असं मीच सांगितलं होतं. भिंतीला कुठे थंडी वाजते?"

वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फाइल बंद करता येत नाही. पाच वाजता मी त्याच्याबरोबर त्याच्या आईच्या शुश्रूषागृहात गेले. लहानशी खोली, खिडकीबाहेर सायकली. ताऱ्याखाली म्हातारी इतकीशी दिसत होती. तिने डोळे उघडून मला पाहिलं. "बेटी, पैर पे डाल दे."

मी गोधडी तिच्या पायांवर ओढली आणि कडा गादीखाली खोचल्या.

बाहेर आल्यावर त्याचं ओळखपत्र परत दिलं आणि माफी मागितली, या वेळी हिंदीत. त्याने ते लगेच घेतलं नाही. "आता दीदी म्हणू?"

"म्हणा."

ट्रक सहालाच निघाला, एक वस्तू कमी घेऊन. अहवालात मी लिहिलं: एक्केचाळीस नंबर पाहिला. मालकाकडे आहे. वापरात आहे.

रात्री जबाबाचा कागद पुन्हा वाचला. 'माझी आहे', आणि पाठोपाठ, 'ते मला दिलेलं नाही'. दोन्ही वाक्यं मीच लिहून घेतली होती, पहिल्याच पानावर, सुवाच्य अक्षरात. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कुणी 'माझी आहे' म्हटलं की मी पेन खाली ठेवून आधी विचारायची, "कुणी दिली?" त्या सकाळी एवढं विचारलं असतं, तर त्याने लगेच सांगितलं असतं.