पाल्यातला चष्मा

पाला जळल्याचा वास आला की लेकीचा पहिला चष्मा आठवतो. ती दीड वर्षाची होती. चंद्रपूरहून आणलेला चष्मा डोक्यामागे पट्ट्याने बांधला, तरी ती लगेच ओढून फेकायची. मोहफुलं गळण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात, तसा सासूबाई पेटवायला वाकल्या आणि मी पाहिलं, इतका वेळ त्याच पाल्यात खेळणाऱ्या लेकीच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. “काडी नका लावू, आत्याबाई! चष्मा पाल्यात हाय!” एरवी त्यांच्यापुढे हळूच बोलणारी मी ओरडले. “एवढा आवाज हाय काय तुले?” म्हणत त्याच आधी पाला चाचपायला बसल्या. चष्मा त्यांनाच सापडला. मी तो धुऊन लेकीला घातला. या वेळी तिने ओढला नाही; माझ्या कपाळावरच्या गोंदणाला बोट लावून पाहतच राहिली. त्याआधी तिला माझं तोंड कसं दिसत असेल? आता ती शाळेत जाते, पण विचारायला मला लाज वाटते.