भिंतीपलीकडची भाकर

भाकरीचा आवाज होतो आणि पोळीचा होत नाही, एवढ्या एका कारणापायी माझ्या लहानपणातली भाकर गेली. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

आम्ही बौद्ध झालो, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी बाबांना अमरावतीत सरकारी कचेरीत कारकुनी लागली. अकोटजवळचं खेडं सोडून आम्ही सरकारी चाळीत आलो. दोन बिऱ्हाडांत मिळून एक भिंत. पहिल्याच सकाळी मायनं चूल पेटवली, गावाहून आणलेली लाकडी काठवट मांडली आणि भाकर थापायला घेतली. थापट्यांचा आवाज ऐकून बाबा अर्धी दाढी तशीच ठेवून आत आले.

"या घरात भाकर नाई होनार," ते म्हणाले. "गंज झाली भाकर, पुरे आता. शेजारी सारे आयकतात."

बाबांचं लहानपण गावात दारोदार भाकर मागण्यात गेलं होतं. हाताला हात लागू नये म्हणून लोक शिळे तुकडे वरून टोपलीत टाकत. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. त्यामुळे त्यांचं चुकलं असं माझ्यानं म्हणवत नाही आणि बरोबर होतं असंही म्हणवत नाही. मायचं म्हणणं मात्र सरळ होतं.

"मांगलेली भाकर येगळी अन् थापलेली येगळी. हे ज्वारी तुमच्या पगाराची हाय ना? मंग लाज कावून वाटते?"

बाबांनी हुकूमच सोडला. दोन्ही वेळेला गव्हाची पोळी, साहेबांच्या घरी होते तशी.

मायनं सणावारी चार लाटल्या असतील तेवढ्याच. तिचा हात थापण्याचा. पोळी कडेला जाड निघे, मध्ये फाटे, आणि दुपारी शाळेतल्या डब्यात तिचा पापड झालेला असे. चून म्हणजे आमच्याकडचं घट्ट पिठलं, ते भाकरीसाठीच जन्माला आलेलं. ते त्या वातड पोळीशी खाताना मला रडू येई. बाबा चावत राहत आणि "जमून राह्यलं" म्हणत. काठवटीत आता कांदे असत.

सगळ्यात जास्त राग यायचा तो भिंतीपलीकडचा. शेजारच्या काकू परतवाड्याकडच्या, चांगल्या शेतीवाडीच्या घरातल्या, त्यांचे यजमान बाबांच्याच कचेरीत. त्या रोज सकाळी खुशाल भाकरी बडवत. भाजल्याचा वास आमच्या घरात येई. त्यांच्या भाकरीला कोणी नाव ठेवत नव्हतं. त्यांनी खाल्ली तर ती सवय, आम्ही खाल्ली तर ती आमची जात. हे तेव्हा मला असं बोलता येत नव्हतं, मी नुसती आदळआपट करायची आणि मार खायची.

दिवाळीच्या सुटीत बाबा मला घेऊन एसटीनं आत्याबाईकडे गेले. भाऊ आला म्हणून तिनं मुद्दाम पोळ्या लाटल्या होत्या. बाबांनी ताटातली पोळी बाजूला सारली.

"भाकर नाई का वं?"

आत्याबाईनं ताजी थापून दिली, सोबत अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. बाबांनी एक संपवली, दुसरी घेतली, ताट बोटानं पुसून घेतलं. मी बघतच राहिले. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही म्हण मला त्या दिवशी कळली. निघताना ते म्हणाले, "मायले सांगू नोको."

मी घरात शिरल्या शिरल्या सांगितलं. मला वाटलं, आता भांडण होईल आणि भाकर परत येईल. माय लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. "बरं झालं," म्हणाली, बस्स. त्यानंतर तिनं पोळीचा जणू वैर धरून अभ्यास केला. वर्षभरात तिच्या घडीच्या पोळ्या शेजारच्या काकू शिकायला येऊ लागल्या.

पुढं बाबांची बदली अकोल्याला झाली. सुटं घर मिळालं, चारी बाजूंनी मोकळं. नवी ज्वारी निघाली तसं बाबांनी स्वतः पोतं आणलं, चक्कीवरून पीठ दळून आणलं आणि डबा मायपुढं ठेवला.

"कर आता भाकर. अठी कोनी आयकत नाई."

मी हात धुऊन ताट घेऊन बसले सुद्धा.

"म्हनूनच त नाई करत," माय म्हणाली. "मले त्या भिंतीजवळच थापाची होती. त्या बाईले आयकू गेलं पाह्यजे होतं, का या लोकायच्याई घरी सोताच्या ज्वारीची भाकर होते. आता कोनाले आयकवू?"

बाबा डब्याकडे बघत उभे राहिले. मायनं कणकेचा गोळा घेतला, आणि पहिली पोळी माझ्या ताटात पडली. मऊ, गोल, अगदी साहेबाच्या घरची.