अरिकातला सेवेरिनो

सेवेरिनो कोल्के बरीच वर्षे चिलीतल्या अरिका बंदरात बोलिव्हियाचा माल कस्टममधून सोडवण्याचे काम करत होता. राहायला ऑर्तेन्सिया या चिलीच्या विधवेची भाड्याची खोली. खिडकीतून समुद्र दिसे. बायको युलालिया वर डोंगरात, बोलिव्हियातल्या ओरुरोच्या शाळेत शिक्षिका. दर मार्चमध्ये समुद्रदिनाला ती मुलांच्या हाती निळे झेंडे देई आणि चिलीबरोबरच्या लढाईत गेलेला देशाचा किनारा परत मिळवू, अशी शपथ घ्यायला लावी. त्याच समुद्राकाठी पासपोर्टवर परक्यांचा शिक्का मारून घेऊन उतरणे तिला जमण्यासारखे नव्हते. मूलबाळ नव्हते. सुट्टीत तो घरी जाई, तेवढाच संसार.

बोलिव्हियाचे ट्रकवाले त्याची थट्टा करत. "साहेब, समुद्र सांभाळा हं. पुढच्या खेपेला कमी भरला तर तुम्हालाच धरू."

बोलिव्हियाने चिलीविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, तेव्हा युलालिया पहिल्यांदा नरमली. न्यायालयाने चिलीला समुद्राची वाट देण्याबद्दल बोलणी करायला भाग पाडले, तर आपण येऊ, असे तिने कबूल केले. सेवेरिनोने लगेच दुसरी खुर्ची आणली, मोठा पलंग घेतला. ऑर्तेन्सियाने दारातून पाहिले.

"बाईसाहेब येणार आहेत की तुमचं आरमार?"

निकालाच्या सकाळी त्याने रेडिओ बारीक आवाजात लावला. बोलिव्हियाचा एकेक मुद्दा फेटाळला जात होता. बोलणी करण्याचे बंधन चिलीवर नाही, एवढे ऐकून त्याने तो बंद केला. रस्त्यावर आनंदाने मोटारींचे भोंगे वाजू लागले. ऑर्तेन्सिया गरम पाव दाराशी ठेवून निघून गेली.

दुपारी युलालियाचा फोन आला. सगळी शाळा चौकातल्या पडद्यासमोर बसली होती, मुले रडली, असे तिने सांगितले. येण्याचा विषय तिने काढला नाही. त्यानेही विचारले नाही.

मग ती म्हणाली, "एका पोरीनं विचारलं, बाई, समुद्र असतो कसा? इतकी वर्षं शिकवतेय, पण मला सांगता येईना. तू सांग."

सेवेरिनोने खिडकीबाहेर पाहिले.

"मोठा आहे. पाणी गार असतं. सकाळी धुकं असतं."

"एवढंच?"

"एकट्याला एवढाच दिसतो गं."



"उद्या शाळा आहे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.