तपकिरी रेघ

गावातल्या निम्म्या मोटरसायकलींच्या सीटा ज्याने शिवल्या, त्या सीटवाल्याला स्वतःला मोटरसायकल चालवता येत नव्हती. कोणी छेडलं की म्हणायचा, "आपण बसायची सोय करतो, चालवायची नाही." तरी सगळं गाव त्याला वाटाड्या म्हणायचं. हे नाव ठेवलं होतं त्याच्या वायरमन मित्राने, चाळीस वर्षांपूर्वी, दोघं मोटरसायकलवरून उत्तरेला गेले तेव्हा.

उत्तरेला म्हणजे पार वर. दिवसाकाठी एक पेट्रोल पंप दिसला तर नशीब. वायरमन चालवायचा, हा मागे. पण मागे नुसतं पोत्यासारखं किती बसायचं? म्हणून याने वायरमनच्या जाकिटाला पाठीवर पारदर्शक प्लास्टिकचा खिसा शिवला होता. त्यात नकाशा. वळायचं असेल त्या बाजूच्या खांद्यावर थाप मारायची, असं ठरलं. आठ दिवस वळायला रस्ताच नव्हता, त्यामुळे काम अगदी बिनचूक चाललं होतं.

नवव्या दिवशी त्याला नकाशावर एक तपकिरी तुटक रेघ दिसली, डावीकडे जंगलातून थेट एका तळ्याला जाणारी. त्याने डाव्या खांद्यावर अशी थाप हाणली की वायरमन दचकलाच. लोखंडी पूल ओलांडल्यावर लाकडाच्या ट्रकांनी पाडलेली एक वाट खरोखरच आत शिरत होती. हाडं खिळखिळी झाली, पण तासाभराने झाडं संपली आणि समोर तळं.

एका मुक्कामासाठी तंबू ठोकला आणि तीन दिवस राहिले. डासांनी फोडून काढलं. वायरमनने शेकोटीवर वाळत घातलेला मोजा जळाला, आणि पुढचा सगळा प्रवास त्याने दोन रंगांचे मोजे घालून केला. संध्याकाळ इतकी लांबायची की झोपायचं कधी हेच कळेना. वायरमन पाण्यात पाय सोडून म्हणाला, "लेका, हे तू शोधलंस. आजपासून तू वाटाड्या." तसं सुख पुन्हा वाट्याला आलं नाही, असं सीटवाल्याला अजून वाटतं.

दुसऱ्याच सकाळी त्याने नकाशाची घडी घातली आणि तो रस्ता त्याच्या नखाला अडकला. निघण्याआधी नकाशा घडीवर फाटला होता. दुकानातल्या मशीनवर त्यानेच तो तपकिरी दोऱ्याने शिवला होता. तळ्याला जाणारा रस्ता म्हणजे त्याचीच शिवण! ते तळंही नकाशावरचं नव्हतं, दुसरंच कुठलं तरी होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता तोंड उघडलंच नाही. परतल्यावर वायरमनने वाटाड्याचं कौतुक गावभर केलं, मग तर बोलायची सोयच उरली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ, असं मात्र दोघं दरवर्षी म्हणायचे; जाणं काही झालं नाही.

मागच्या हिवाळ्यात वायरमन गेला. आणि आज त्याची मुलगी तीच मोटरसायकल घेऊन दुकानात उभी होती.

"काका, सीट मागून कापून द्या. सामान ठेवीन तिथे. एकटीच चाललेय, तुमच्या तळ्यावर." तिच्या हातात तोच नकाशा होता.

बोलावं तर चाळीस वर्षांची वाटाडेगिरी मातीमोल. गप्प बसावं तर ही पोर दोऱ्याच्या भरवशावर एकटी रानात शिरणार. सीटवाल्याने सीटवर ब्लेड टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

"पोरी, तो रस्ता नाही," तो शेवटी म्हणाला. "माझी शिवण आहे ती. मी चुकलो, आणि तुझ्या बाबाला आयुष्यभर फसवलं."

मुलगी हसली. तिने नकाशा उलटा धरला. मागच्या कोऱ्या बाजूला तीच एक तपकिरी रेघ होती. "बाबांना माहीत होतं, काका. रोज सकाळी नकाशा खिशात तेच सरकवायचे ना? कोऱ्या बाजूलाही उमटलेली रेघ म्हणजे शिवण, रस्ता नव्हे, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं."

"मग वळला कशाला?"

"म्हणायचे, आठ दिवस गडी गप्प बसला होता. पहिल्यांदाच एवढ्या हौसेने थाप मारली, त्याला नाही कसं म्हणू?"

"बरं, नंतर तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर पुढच्या वेळी तुम्ही मागे बसायला आला नसता. तीच भीती होती त्यांना."

पुढची वेळ! सीटवाल्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. मग म्हणाला, "खरं वळण लोखंडी पुलानंतर आहे. वाट बुजली असेल तर आत शिरू नकोस. आता सीट कापण्याआधी गाडीवर बस, जरा पुढे सरकून."

मोटरसायकल स्टँडवर होती. मुलगी पुढे बसली, तो गुडघा धरत मागे चढला आणि तिच्या डाव्या खांद्यावर त्याने एक थाप मारली. मग खाली उतरून ब्लेड हातात घेतलं.