पेनड्राइव्हवरची गाणी

समोरच्या बिऱ्हाडातल्या नकाशेवाल्यांबद्दल मी लिहायचं म्हणजे पंचाईतच आहे. इतकी वर्षं दाराला दार लावून राहिलो, पण आमचा व्यवहार पेपरपुरता. माझा वाचून झाला की ते न्यायला येत. पाणीखात्यात नकाशे काढायचे, एवढं ठाऊक होतं. बाकी मला काय कळणार.

त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, अलीकडे माणसं ओळखू येत नसत. जेवायला बसायच्याही नाहीत. मग ते लॅपटॉपवर वहिनींचीच गाणी लावत, त्या बऱ्या असताना घरीच रेकॉर्ड केलेली. "ही बाई बरी गाते," असं म्हणत वहिनी चार घास खात.

लॅपटॉप जुना. त्यावरचं उबुंटू, म्हणजे विंडोजसारखंच काहीतरी, त्याला जड होऊ लागलं. गाणं मधेच अडखळे आणि वहिनी ताटावरून उठत. म्हणून ते पुसून त्याच जातीचं पण हलकं डेबियन घालायचं त्यांनी ठरवलं आणि सोबतीला मला बोलावलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"गाणी जाणार नाहीत ना?" मी विचारलं.

"पेनड्राइव्हवर घेतलीत. हे ऐका."

त्यांनी पेनड्राइव्ह उघडून एक गाणं लावलं. छान वाजलं. आतून वहिनी म्हणाल्या, "आली का बाई?"

"आली, आली. बस तू."

मग त्यांनी सगळं पुसलं. डेबियन अगदी झटपट बसलं. खुशीत त्यांनी पेनड्राइव्ह लावला, तर एकही गाणं वाजेना. एकेक फाईल उघडून बघितली, तेव्हा घोळ त्यांच्या ध्यानात आला.

कामावर असल्यापासून त्यांची एक शिस्त होती. मूळ नकाशा एकच, तो कपाटात. बाकी फायलींत तो कुठे ठेवलाय याची नुसती नोंद. लॅपटॉपवरही त्यांनी तेच केलं होतं. समोरच्या फोल्डरमध्ये गाणी नव्हतीच, मूळ गाण्यांकडे नेणारे दुवे होते. पेनड्राइव्हवर गेले ते दुवे. मघाशी वाजलं ते लॅपटॉपच्या पोटातलंच गाणं, आणि ते आता पुसलं गेलं होतं.

"तपासून बघितलं हो मी," ते म्हणाले. "तुमच्यासमोर."

"हो, बघितलंत," मी म्हणालो.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप ठेवून घेतला आणि तसाच परत दिला. नवं नेमकं गाण्यांच्याच जागेवर बसलंय, म्हणाला.

त्यानंतर दुपारी भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज येई, "ती बाई नाही का आली आज?" एकदा नकाशेवाल्यांनी स्वतःच गायला घेतलं. वहिनी म्हणाल्या, "या गृहस्थांना कुणीतरी थांबवा." हे त्यांनीच मला हसत सांगितलं, आणि मग विचारलं, "तुम्हाला गाता येतं का हो?"

"नाही हो."

"मलाही नाही."

वहिनींचं जेवण तुटत गेलं, तशी मुलगी दोघांना आपल्या घरी न्यायला आली. वहिनी गाडीत जाऊन बसल्या होत्या. ते कुलूप लावून माझ्या दारात थांबले.

"झाला का पेपर?"

"अजून पहिलंच पान चाललंय."

"असू द्या. सावकाश वाचा."