धावपट्टीवरच्या चटया

पॅसिफिकमधल्या त्या चिमुकल्या देशात विमानाची धावपट्टी म्हणजे संध्याकाळची ओसरीच. दोन्हीकडे समुद्र, मध्ये एवढीच मोकळी जागा. मी ज्यांच्याकडे राहत होतो त्या बाईंनी तिथे चटई अंथरली. शेजारच्या चटईवर पाय पसरून बसलेले गृहस्थ मंत्री आहेत हे कळल्यावर मी उगीचच सावरून बसलो. तेवढ्यात भोंगा वाजला. सगळे उठले, मंत्र्यांनीही आपली चटई गुंडाळून काखेत मारली. विमान उतरलं आणि लोक पुन्हा येऊन बसले.

“पाणी चढलं तर सरकार आम्हाला परमुलखात नेणार म्हणतात,” बाई म्हणाल्या.

मग देश कुठे राहील? माणसांबरोबर जाईल, की पाण्याखाली थांबेल? आणि हे मंत्री कशाचे मंत्री उरतील? धीर द्यायचा म्हणून बोलून गेलो, “भोंगा वाजला की उठायची सवयच आहे तुम्हाला.”

बाईंनी पलीकडच्या आपल्या अंगणाकडे पाहिलं. तिथे दारासमोरच त्यांच्या नवऱ्याचं थडगं आहे. इथे आपल्या माणसांना अंगणातच पुरतात.

“आम्ही उठू हो,” त्या म्हणाल्या. “त्यांना कोण उठवणार?”