नावेची मागची फळी
पेट्रोलमध्ये कालवलेल्या ऑइलचा वास आला की मला फुटाळा तलाव आठवतो. काकांनी हौसेनं नावेसाठी जुनी मोटर आणली होती. पण तिचा दांडा आखूड आणि ती जिच्यावर अडकवायची ती नावेची मागची फळी उंच, त्यामुळे पंखा पाण्याला जेमतेम टेकायचा आणि मोटर नुसतीच बोंबलायची. शेवटी काकांनी पुढे बसलेल्या काकूला म्हटलं, "तू मांगं येऊन बस वं!" ती येताच नाव मागून दबली, पंखा बुडाला आणि आम्ही सुसाट निघालो. "मले वजनासाठी आणलं का?" म्हणत काकू खळखळून हसली. घरी आल्यावर मी फळी कापायला करवत काढली. काका हळूच म्हणाले, "राहू दे गा. कापली तं तुझी काकू कायले येईन?" आता दोघंही नाहीत. नाव माझ्याकडे आहे, आणि फळी तेवढीच उंच.